झोपलेला लॅपटॉप बंद का पडतो?

झोप हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, जनावरांसाठी वापरतो, फार तर पाने मिटून घेणाऱ्या लाजाळूसाठी वापरतो. यंत्राला झोप कसली? घरातला पंखा एक तर चालू असतो, नाही तर बंद. पण लॅपटॉपचे तसे नाही. त्याला चालू आणि बंद यांच्यामधली एक तिसरी अवस्था आहे. झाकण मिटले की पडदा काळा होतो, पंख्याची घरघर थांबते आणि एखादा बारीक दिवा तेवढा लुकलुकत राहतो. तासाभराने झाकण उघडावे तर अर्धवट लिहिलेले वाक्य जसेच्या तसे समोर हजर! या अवस्थेला 'स्लीप', म्हणजे निद्रावस्था असे म्हणतात.

परंतु कधी कधी झाकण उघडले तरी पडदा काळाच राहतो. बटण दाबून धरल्यावर लॅपटॉप सुरू होतो खरा, पण पहिल्यापासून. लिहिलेला प्रकल्प गेलेला असतो. असे दोनतीनदा झाले की घरचे म्हणतात, "यंत्र खराब निघाले." दुरुस्तीच्या दुकानात नेले, तर मदरबोर्ड बदलावा लागेल असे ऐकायला मिळते आणि त्याचा खर्च ऐकून वडील गप्प होतात. म्हणून हा बिघाड नेमका कोठे होतो आणि तो शास्त्रीय पद्धतीने कसा शोधावा, ते आज पाहू.

जागा, झोपलेला आणि शीतनिद्रेतला

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून डिसेंबर १९९६ मध्ये संगणकाच्या वीजवापराचे एक सामाईक नियमपत्र प्रसिद्ध केले. त्यात संगणकाच्या अवस्थांना क्रमांक दिलेले आहेत. एस-० म्हणजे पूर्ण जागा. एस-३ म्हणजे झोपलेला: या अवस्थेत प्रक्रियक, पडदा, डिस्क या सर्वांची वीज तोडलेली असते, फक्त रॅम, म्हणजे कामाची तात्पुरती स्मृती, तेवढी वीज घेत असते. एस-४ म्हणजे 'हायबरनेट'. बेडूक जमिनीखाली जाऊन पडून राहतो तशी ही शीतनिद्रा होय. यात रॅममधला सारा मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतात आणि मग रॅमचीही वीज बंद करतात. एस-५ म्हणजे काम आवरून बंद केलेला संगणक.

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आणखी एक प्रकार आढळतो. २०१२ सालच्या 'विंडोज ८' पासून तो प्रचारात आला. यात लॅपटॉप एस-० मध्येच राहतो, पण डुलकी घेतो. मोबाईल फोन खिशात पडून असतानाही संदेश घेतो, त्याप्रमाणे हा लॅपटॉप मधूनमधून डोळे उघडून इंटरनेटवरची कामे उरकतो. सोय चांगली, पण डोळे उघडल्यावर ते मिटायचे राहून गेले तर? ही शंका लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

गळक्या रांजणांची रांग

झोपेतही रॅमला वीज का लागते? वहीत लिहिलेली अक्षरे काही दिवा विझवल्याने पुसली जात नाहीत!

याचे उत्तर रॅमच्या रचनेत आहे. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याने शोधून काढलेल्या आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेल्या पद्धतीत एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म धारित्र, म्हणजे कपॅसिटर, मिळून एक घर होते. धारित्रात विद्युत्प्रभार असला तर १, नसला तर ०. आठ जीबी रॅममध्ये अशी सुमारे ६,८७२ कोटी घरे असतात. एका घराची धारिता २० फेम्टोफॅरड आणि दाब १ व्होल्ट धरू. तुमच्या पुस्तकातील सूत्र आहे: प्रभार = धारिता × व्होल्टता. एक फेम्टोफॅरड म्हणजे १ फॅरडचा १०^१५ वा भाग. तेव्हा प्रभार येतो २ × १०^-१४ कूलोम. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ × १०^-१९ कूलोम. भागाकार करून पाहा: सुमारे सव्वा लाख इलेक्ट्रॉन. एवढ्याशा पुंजीवर '१' हा अंक तग धरून असतो.

आणि ही पुंजी गळते. मातीच्या रांजणांची एक लांब रांग डोळ्यांसमोर आणा. काही भरलेले, काही रिकामे आणि सगळेच थोडे थोडे पाझरणारे. रांगेवर नेमलेला गडी एका टोकाकडून निघतो आणि प्रत्येक रांजणात डोकावतो. पाणी निम्म्याच्या वर दिसले तर हा भरलेला होता असे समजून काठोकाठ भरतो. निम्म्याच्या खाली असले तर रिकामा समजून तसाच ठेवतो. कोणताही भरलेला रांजण निम्म्यावर येण्याआधी गड्याची फेरी परत आली पाहिजे, एवढीच अट. रॅममध्ये ही फेरी साधारणतः ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ वेळा पूर्ण होते. आपण पाढ्यांची उजळणी करतो, तशी ही प्रभाराची उजळणी. लॅपटॉप झोपला की प्रक्रियक ही जबाबदारी रॅमच्या चिपवरच सोपवतो आणि ती आपली आपण उजळणी करीत राहते. त्या गड्याला लागणारी शिदोरी म्हणजेच झोपेतली वीज!

उष्णता वाढली की गळतीही वाढते. म्हणून तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास उजळणी दुप्पट वेगाने करावी लागते. उलट थंडीत गळती मंदावते. वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप गार केली तर त्याहून बराच जास्त वेळ वाचता येतो, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले.

सर्वच स्मृती अशा विसराळू नसतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक पाहा. त्याच्या स्मृतीत फेराइट या चुंबकीय पदार्थाची बारीक बारीक कडी तारांत ओवलेली होती. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर १, उलट दिशेने झाले तर ०. चुंबकत्व वीज गेल्यावरही टिकते, म्हणून अशी स्मृती वीज गेल्यावर कोरी होत नाही. मात्र अख्ख्या टिफ्रॅकमध्ये असे फक्त २,०४८ शब्द मावत. आपण वेग आणि प्रचंड जागा मिळवली आणि त्या बदल्यात सतत उजळणीचे बंधन पत्करले.

झोपेत काय काय बिघडू शकते?

आता संशयितांची यादी करू.

पहिला संशयित बॅटरी. ती संपली की उजळणी थांबते आणि मजकूर गेला. झोपेतला वापर अर्धा ते एक वॅट असतो असे धरा. ४० वॅट-तासांची चांगली बॅटरी १ वॅटच्या हिशेबाने ४० तास पुरेल. परंतु जुनी होऊन ती १० वॅट-तासांवर आली असेल, तर रात्री अर्धी भरलेली बॅटरी पहाटेपूर्वीच संपेल.

दुसरा संशयित एखादे उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि उपकरण यांच्यातला दुभाष्या. झोपताना संगणक प्रत्येक उपकरणाला "आता झोप" असे सांगतो आणि उठताना "जागा हो" म्हणतो. शाळेच्या कवायतीत एक मुलगा हुकूम ऐकायला चुकला की सगळी रांग अडते. तसेच येथे एका दुभाष्याने उत्तर दिले नाही की सारा संगणक ताटकळतो आणि शेवटी कोलमडतो. विंडोजमध्ये अशा वेळी 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असा संदेश दिसतो.

तिसरा संशयित उष्णता. झोपलेला समजून पिशवीत घातलेला लॅपटॉप आत जागाच असेल, तर कापडाने त्याची हवा कोंडते. तापमान मर्यादेबाहेर गेले की संगणक स्वतःच्या रक्षणासाठी तडकाफडकी बंद होतो.

चौथा संशयित झाकण. झाकण मिटल्याचे लॅपटॉपला कसे कळते? पुष्कळ लॅपटॉपच्या झाकणात एक छोटे चुंबक असते आणि खालच्या भागात हॉल परिणामावर चालणारा संवेदक असतो. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने हा परिणाम १८७९ मध्ये शोधून काढला. जवळ दुसरे चुंबक आले, उदाहरणार्थ पिशवीची चुंबकी कडी किंवा फोनच्या कव्हरचे चुंबक, तर संवेदकाची फसगत होऊ शकते.

पाचवा संशयित खुद्द रॅम: एखादे घर नेहमीपेक्षा जास्त गळके असणे किंवा रॅमची पट्टी खोबणीत नीट न बसणे.

मदरबोर्डचे नाव यादीत शेवटी येते, पहिल्यांदा नव्हे. महाग वस्तूवर शेवटी संशय घ्यावा. कारण स्वस्त संशयितांची चौकशी फुकटात होते.

साक्षीदार नसलेली घटना

येथे एक अडचण आहे. संगणक आपल्या घडामोडींची रोजनिशी ठेवतो. विंडोजमध्ये ती 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये वाचता येते. पण रोजनिशी लिहिली जाते डिस्कवर, आणि झोपेत डिस्कच बंद असते! तेव्हा झोपेत जे घडले ते लिहायला कोणी जागे नसते. पुन्हा सुरू झाल्यावर संगणक फक्त एवढेच लिहितो की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. ही 'कर्नेल पॉवर ४१' या नावाची नोंद. ती पाहून पुष्कळजण "कारण सापडले" म्हणून आनंदतात. परंतु ४१ ही नोंद म्हणजे अपघाताचा पंचनामा आहे, अपघाताचे कारण नव्हे. कारण आपल्यालाच शोधावे लागते आणि त्यासाठी सर्वांत उत्तम साधन म्हणजे एक वही व पेन्सिल.

शेलूच्या विद्यार्थिनीची वही

कर्जत तालुक्यातल्या शेलूहून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. ती रोज सकाळी शेलूला गाडीत बसते. वांगणी, बदलापूर, अंबरनाथ करीत कल्याणच्या बाजूला येते. घरात लॅपटॉप एकच; धाकटा भाऊही त्यावरच अभ्यास करतो. तिची तक्रार अशी: रात्रभर घरी झोपवलेला लॅपटॉप सकाळी व्यवस्थित उठतो, पण पिशवीत घालून महाविद्यालयात आणला की कित्येकदा बंद पडलेला आढळतो. प्रकल्पाची दोन प्रकरणे अशीच गेली होती. एका दुरुस्तीवाल्याने "गाडीच्या धक्क्यांनी मदरबोर्ड गेला" असे निदान करून खर्चाचा आकडा सांगितला होता. त्या पैशांत तिची वर्षाची फी निघाली असती.

निदान चुकीचेच आहे असे म्हणायला आमच्याकडे आधार नव्हता. गाडीचे धक्के खरे होते आणि बिघाडही प्रवासातच होत होता. परंतु दोन गोष्टी एका वेळी घडतात, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. प्रवासात धक्क्यांखेरीज आणखी काय काय बदलते? लॅपटॉप बंद पिशवीत असतो. चार्जर काढलेला असतो. गर्दीत पिशवी उभी, आडवी कशीही होते. शिवाय पिशवीत इतर वस्तू असतात. यातले खरे कारण कोणते?

तिने वहीत रकाने आखले: तारीख, निघतानाची बॅटरीची टक्केवारी, पोहोचल्यावरची टक्केवारी, लॅपटॉप गार की गरम, पिशवीत काय काय होते आणि लॅपटॉप नीट उठला की नाही. बारा दिवसांत पाच वेळा बिघाड झाला. वही पाहताच दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. पहिली: बिघाडाच्या पाचही दिवशी लॅपटॉप गरम होता. दुसरी: ज्या दिवशी बिघाड झाला नाही, त्यांपैकी बहुतेक दिवशी ७० मिनिटांच्या प्रवासात बॅटरी फक्त १ टक्का उतरली होती, बिघाडाच्या एका दिवशी मात्र ती ८८ वरून ६८ वर आली होती.

आता हिशेब करा. तिची बॅटरी भरल्यावर ३६ वॅट-तास ऊर्जा साठवत होती. एक टक्का म्हणजे ०.३६ वॅट-तास, ७० मिनिटांनी भागले तर सुमारे ०.३ वॅट. ही खरी झोप. वीस टक्के म्हणजे ७.२ वॅट-तास, तेवढ्याच वेळाने भागले तर सुमारे ६.२ वॅट. म्हणजे वीसपट! लॅपटॉप वाटेत मध्येच बंद पडला असणार हे लक्षात घेतले, तर जागेपणीचा वापर याहूनही जास्त असला पाहिजे. एखादा एलईडी दिवा पेटवून पिशवीत गुंडाळून ठेवावा तसेच हे झाले. म्हणजे तो लॅपटॉप झोपेत बंद पडतच नव्हता. पिशवीत तो जागा होत होता, तापत होता आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. पोहोचल्यावर बॅटरी ६८ टक्के शिल्लक होती, म्हणजे पहिला संशयित निर्दोष सुटला.

पण त्याला जागे कोण करीत होते? वहीतला 'पिशवीत काय काय' हा रकाना येथे कामी आला. पाचही दिवशी पिशवीत तिचा बिनतारी माऊस होता आणि त्याचा नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपला लावलेलाच होता. माऊस हलला की झोपलेला संगणक उठतो, हे आपण टेबलावर रोज पाहतो. गाडीच्या हिसक्यांनी पिशवीतला माऊस हलत होता आणि इमानाने आपले काम करीत होता! एखाद्या दिवशी तिने माऊसची कळ बंद केलेली असे, कधी माऊस घरीच राहिलेला असे. म्हणून बिघाड कधी होई, कधी होत नसे.

हा अजून तर्क होता, सिद्धता नव्हती. म्हणून तीन चाचण्या ठरवल्या. पहिली: घरी टेबलावर लॅपटॉप झोपवून, झाकण मिटून माऊस हलवायचा. तसे करताच लॅपटॉपचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. म्हणजे तो उठला. दुसरी: बाकी सारे तेच ठेवून, फक्त रिसीव्हर काढून प्रवास करायचा. तिसरी: पुन्हा रिसीव्हर लावून, माऊस चालू ठेवून प्रवास करायचा आणि बिघाड परत येतो का ते पाहायचे. प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदलायची, हे कटाक्षाने पाळले. माऊसही काढला, पिशवीही बदलली आणि ड्रायव्हरही नवे घातले असते, तर बिघाड गेला असता कदाचित; पण कशाने गेला ते कधीच कळले नसते.

किती दिवस थांबायचे?

पहिल्या दिवशी रिसीव्हर काढून प्रवास केला. लॅपटॉप नीट उठला. मग प्रश्न सुटला का?

नाही. कारण पूर्वीही बारापैकी सात दिवस तो नीट उठतच होता. काहीही उपाय न करता एक दिवस चांगला जाण्याची शक्यता ७/१२, म्हणजे सुमारे ५८ टक्के. प्रत्येक दिवस स्वतंत्र आहे असे मानले, तर लागोपाठ दोन दिवस चांगले जाण्याची शक्यता ७/१२ × ७/१२, म्हणजे ३४ टक्के. तीन दिवसांची २० टक्के, चार दिवसांची १२ टक्के, पाच दिवसांची ७ टक्के आणि सहा दिवसांची ४ टक्के. तेव्हा सोमवार ते शनिवार असे सहा दिवस लॅपटॉप नीट उठला, तरच आपण म्हणू शकतो की नुसत्या योगायोगाने असे होण्याची शक्यता शंभरात चारच आहे. बिघाड जितका क्वचित होणारा, तितकी वाट जास्त पाहावी लागते. तीन दिवसांतून एकदा होणारा बिघाड असेल तर हाच हिशेब आठ दिवसांवर जातो; करून पाहा.

तिचे सहाही दिवस निर्वेध गेले. पुढच्या आठवड्यात रिसीव्हर आणि माऊस पुन्हा जागेवर आले आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप गरम व बंद आढळला. आता मात्र शंका उरली नाही. उपाय काय, तर प्रवासात माऊसची कळ बंद ठेवायची आणि सेटिंगमध्ये 'या उपकरणाला संगणक जागा करू द्या' या पर्यायापुढची खूण काढून टाकायची. शिवाय तिने आणखी एक सवय लावून घेतली: पिशवीत घालायचा तर लॅपटॉप झोपवायचा नाही, हायबरनेट करायचा किंवा सरळ बंद करायचा. खर्च शून्य.

जेथे हात पोहोचत नाही

लॅपटॉप निदान आपल्या हातात असतो. झाकण उघडून पाहता येते, माऊस काढता येतो. पण झोपलेले यंत्र पावणेचार लाख किलोमीटरवर असेल तर?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. विक्रम आणि प्रज्ञान यांची कामगिरी एका चांद्रदिवसापुरती, म्हणजे आपल्या सुमारे १४ दिवसांपुरतीच आखलेली होती. ती पार पडल्यावर इस्रोने २ सप्टेंबरला प्रज्ञानला आणि ४ सप्टेंबरला विक्रमला झोपवले. येथेही तत्त्व तेच होते: बाकी सारे बंद, फक्त हाक ऐकणारा रेडिओ ग्राहक चालू, बॅटरी भरलेली आणि सौरपट्ट उगवत्या सूर्याकडे केलेला. मात्र तेथील रात्र आपल्या १४ दिवसांएवढी लांब आणि शून्याखाली शेकडो अंश न्यायची. २२ सप्टेंबरला, पुन्हा उजाडल्यावर, पृथ्वीवरून हाका मारल्या गेल्या. उत्तर आले नाही. ठरलेले काम आधीच पूर्ण झाले होते, त्यामुळे याला अपयश म्हणता येत नाही. पण ग्राहक गारठला, की बॅटरी, की एखादा सांधा निखळला, हे उघडून पाहायला तेथे कोण जाणार? पुढे जानेवारी २०२४ मध्ये उतरलेले जपानचे 'स्लिम' हे यान चांद्ररात्रीसाठी बनवलेले नसतानाही फेब्रुवारीत जागे झाले. झोपवणे सोपे असते. उठवता येईल अशा रीतीने झोपवणे हे खरे अभियांत्रिकीचे काम.

तुम्ही काय कराल?

तुमच्या घरी किंवा शाळेत असा बिघाड असेल, तर या क्रमाने जा.

१. सर्वांत आधी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. झोपवण्यापूर्वी काम 'सेव्ह' करण्याची सवय लावा. प्रभाराच्या रांजणांवर विश्वास टाकून परीक्षेचा प्रकल्प ठेवू नये.

२. वही करा. वेळ, चार्जर लावला होता का, बॅटरी आधी किती व नंतर किती, गार की गरम, काय काय जोडलेले होते, हे दर वेळी लिहा. आपल्या भागात पावसाळ्यात रात्री वीज जाते, तेव्हा तीही नोंद करा.

३. लॅपटॉपला जोडलेली सर्व बाहेरची उपकरणे काढून पाहा. बिघाड गेला, तर निम्मी परत जोडा. आठ उपकरणे असली तरी निम्मी-निम्मी करीत तीन टप्प्यांत दोषी हाती लागतो.

४. स्लीपऐवजी हायबरनेट वापरून पाहा. हायबरनेटमधून तो नीट उठतो आणि स्लीपमधूनच उठत नाही, असे झाले तर संशय रॅमवर, तिच्या विजेवर किंवा झोप-उठ सांभाळणाऱ्या प्रणालीवर जातो. विंडोजमध्ये रॅम तपासण्याची सोय असते; ती रात्री लावून ठेवा.

५. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर अद्ययावत करा, पण एका वेळी एकच. दोन बदलांच्या मध्ये काही दिवस जाऊ द्या आणि वर केलेला शक्यतेचा हिशेब विसरू नका.

६. इतके करूनही दोष राहिला, तर वही घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा. नोंदी समोर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला अंदाजाने उत्तर देणे अवघड जाते, आणि मन लावून काम करणाऱ्या कारागिराला त्या नोंदींची मोठी मदत होते.

एक सूचना मात्र काटेकोर पाळा. बॅटरी फुगलेली दिसली, लॅपटॉपचे तळ वर आल्यासारखे वाटले किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर कोणतीही चाचणी करू नका. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. मोठ्या माणसांना सांगून तो जाणकाराकडे पाठवा. लिथियमची बॅटरी पेट घेते तेव्हा विचार करायला सवड देत नाही.

शेवटी घरी करण्याजोगा एक प्रयोग. रात्री चार्जर काढून, बॅटरीची टक्केवारी लिहून लॅपटॉप झोपवा. सकाळी पुन्हा टक्केवारी वाचा. बॅटरी किती वॅट-तासांची आहे ते तिच्यावर किंवा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात छापलेले असते. तुमच्या लॅपटॉपची झोप किती वॅटची, ते काढा. दुसऱ्या रात्री वाय-फाय बंद करून आणि तिसऱ्या रात्री सर्व उपकरणे काढून हेच करा. तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. त्यांत मोठा फरक दिसला, तर तुमच्या झोपलेल्या लॅपटॉपमध्ये रात्रभर कोणीतरी जागे असते. आणि ते कोण, हे शोधायची रीत आता तुम्हांला माहीत आहे.